पलटी करा, साहेब

"वाचू नका, बगा. आन पलटी केल्याबिगर तोंड उघडू नका."

नाणं हातात घेतलेल्या माणसाला मावशी एवढंच सांगायच्या. मग तो गल्लीतला दूधवाला असो, की माझ्यासारखा वीस वर्षं नाणी जमवणारा आणि त्याचा तोरा मिरवणारा शहाणा असो. सांगून झालं की नाणं त्या स्वतःच्या हातात घ्यायच्या. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून चिमूटभर पीठ घेऊन अंगठ्याने नाण्यावर चोळायच्या आणि हळूच फुंकर मारायच्या. वरचं पीठ उडून जायचं, खोलगट जागेतलं राहायचं. नुसत्या डोळ्याला न दिसणारी बारीक रेघही पांढरी होऊन वर यायची. पीठ ज्वारीचंच हवं. गव्हाचं चिकटतं, आणि हरभऱ्याचं तर नावच काढायचं नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

मावशी आता नाहीत. मी एक कागद नीट बघितला असता तर कदाचित असत्या. हा 'कदाचित' माझा नाही, माझ्या बायकोचा आहे. माझं मन राहावं म्हणून ती तो मध्ये घालते. मी काढून टाकतो, ती पुन्हा घालते.

लातुरात गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेमागच्या एका गल्लीत त्यांची गिरणी होती. एक पत्र्याचं शटर, एक चक्की, भिंतीला टेकवलेले लोकांचे डबे, आणि मधोमध मावशी. उंच, हाडापेराने मजबूत बाई. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि भुवयांवर, केसांवर, पापण्यांवर पीठ. त्यांचे केस खरोखर किती पांढरे आणि पिठाने किती, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी त्या चक्कीचा दगड उतरवायच्या आणि छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच टाकी लावत, बुजलेल्या खाचा नव्याने पाडत बसायच्या. कुणी पुरुष मदतीला आला तर म्हणायच्या, "बसा तिकडं. तुमाला घाई आसती, दगडाला नसती."

माझं गाव नांदेड. मी सरकारी कचेरीत कारकून. बदलीवर लातूरला आलो, एक खोली घेतली, बायको-पोरं नांदेडला आईजवळच राहिली. मला स्वयंपाक येतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ज्वारी घेऊन दळण टाकायला गेलो. खिशात सगळी दहाची नाणी. आणि त्या दिवसांत लातुरात दहाचं नाणं कुणी घेत नव्हतं हो! कुणाच्या तरी मोबाईलवर आलं होतं की दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर नेमकं उलटं आलं. लोकांनी कटकट नको म्हणून दोन्ही बंद केली. भाजीवाली घेईना, रिक्षावाला घेईना. पानटपरीवाला तर म्हणाला, "साहेब, हे तुमच्या नांदेडलाच चालवा."

मी भीत भीत एक नाणं मावशींच्या पुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट केलं, पीठ लावलं, फुंकर मारली.

"खरं हाय. ह्याच्यात काय बी चूक न्हाई."

"लोक घेत नाहीत, मावशी."

"लोकं मोबाईलवर वाचत्यात. बगतंय का कुणी? ह्याला धा काड्या, त्याला पंधरा. माणसाला बी कुणाला दाट केस आस्त्यात, कुणाला पातळ. म्हून काय एकाला गावाबाहिर काडायचं का?"

माझ्या डोक्यावरचे केस तेव्हाच विरळ झाले होते. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मावशींनी ते नाणं गल्ल्यात टाकलं नाही, मागच्या फळीवर एका मसाल्याच्या डब्यात ठेवलं. बोहनीचं असेल म्हणून मी काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी माझा अल्बम घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, भाव खायला गेलो होतो. टाकसाळीत चुकलेली नाणी हा माझा खास प्रांत. छाप सरकलेली, कड कापलेली, दोनदा ठोकली गेलेली. पुण्या-हैदराबादच्या प्रदर्शनांत मी चार शब्द बोललेला माणूस. मावशी पानं उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे एक रुपयाचं नाणं होतं. त्यात चूक नव्हती, कोरं करकरीत म्हणून ठेवलेलं होतं.

"ह्ये काडू का भाईर?"

काढलं. दोन बोटांत वर-खाली धरलं आणि वहीचं पान उलटतात तसं फिरवलं.

"सिंव्ह निजलाय की ओ ह्याचा."

मी वाकून बघितलं. असं पान उलटल्यासारखं फिरवलं की मागच्या बाजूचे सिंह सरळ उभे दिसायला हवेत. माझ्या नाण्यावरचे सिंह चक्क आडवे झाले होते. साचाच फिरला होता. असं नाणं मिळावं म्हणून मी गावोगावच्या दुकानदारांना पत्रं लिहिली होती, आणि ते अकरा वर्षं माझ्याच अल्बममध्ये झोपलेलं होतं.

"तुमी काय बगितलं हुतं मंग?" त्यांनी विचारलं.

काय बघितलं होतं? एका बाजूला 'भारत' वाचलं होतं, दुसऱ्या बाजूला साल वाचलं होतं. झालं.

"मला वाचता येत न्हाई त्ये एका परीनं बरंच हाय," मावशी म्हणाल्या. "तुमाला अक्षर दिसलं की तुमी फुडं पळताव. मला त्ये निस्ती नक्षी. मला समदं बगावं लागतंय."

त्या दिवशी मी त्यांचा चेला झालो. दर रविवारी दुपारी, गर्दी ओसरली की, मी उपड्या डब्यावर बसायचो आणि आठवडाभराची सुट्टी नाणी आम्ही दोघं बघायचो. मी भजी न्यायचो, त्या चहा मागवायच्या. त्या मला 'साहेब' म्हणायच्या, पण अशा सुरात की साहेबपण तिथेच उतरावं. "साहेब, पलटी करा." "साहेब, आदी पलटी, मंग भाषण." एकदा मी एका पाचाच्या नाण्यावरची खरवड ही साच्याची भेग आहे असं अर्धा तास पटवून देत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरानं खिळ्यानं वरबाडलंय साहेब. चहा घ्या."

नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते, त्यावरून टाकसाळ कळते, हे मात्र मी त्यांना शिकवलं. चौकट दिसली की मुंबई, ठिपका दिसला की नोएडा, चांदणी दिसली की हैदराबाद. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी हातातलं नाणं तसंच खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून चांदणीचं नाणं गिरणीत मुक्कामाला राहीना. एखादं हाती आलं की पुढच्याच गिऱ्हाईकाला सुट्टे म्हणून जायचं.

"असं का करता, मावशी?"

"हैदराबादचं घरात ठिवायचं न्हाई."

एवढंच. पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं. मी पुढे विचारलं नाही.

ते कळलं दुसऱ्या वर्षी, लखी दाखवलं तेव्हा. नाणेवाले ज्याला लखी म्हणतात ते नाणं मोठं विचित्र दिसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं. एका बाजूला नेहमीसारखं उठावदार, आणि दुसऱ्या बाजूला तेच, पण उलटं आणि आत दबलेलं. मावशींनी एक दिवस कनवटीला खोचलेली कापडाची पुरचुंडी काढली. तिच्यात रुपयाचं लखी होतं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सिंहांचा खड्डा. साल नाही, खूण नाही, कारण ती जिथे असते ती बाजूच उमटलेली नाही.

"ह्याचं गाव बी कळत न्हाई आन वय बी कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्यावानी."

मी हावरट माणूस. मी तिथल्या तिथे ते मागितलं, काय हवं ते देतो म्हणालो. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये आसं कसं हुतंय त्ये सांगा आदी."

मी सांगितलं. नाणं ठोकून झालं की साच्यातून बाहेर पडतं. कधी एखादं पडत नाही, वरच्या साच्याला चिकटून राहतं. खाली पुढची कोरी चकती येते आणि साच्याऐवजी तिच्यावर हे चिकटलेलं नाणंच दाबलं जातं. म्हणून तिचं तोंड असं होतं.

"आन ज्यानं दाबलं त्ये? त्ये कसं दिसतंय मंग?"

"ते तसं बरंच दिसतं. थोडं पसरट झालं तर झालं. बाजारात चालून जातं."

"हां," मावशी म्हणाल्या. "ज्यानं दाबलं त्ये चांगलंच दिसतंय."

मग त्यांनी चक्की बंद केली. एरवी भर दुपारी त्या चक्की कधी बंद करत नसत. "माजा मालक हैदराबादला गेला हुता," त्या म्हणाल्या, "गिरणीचा पट्टा आणाया. पोटाला पोरबाळ नव्हतं, आमी दोगंच. सव्वीस वर्सं झाली. तिकडं त्याचं समदं झकास हाय म्हणत्यात. दुसरी बायको, दुकान."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग पट्टा?"

"पट्टा मीच आणला मंग. सोलापूरहून." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पापण्यांवरचं पीठ उडालं. मीही हसलो.

चार वर्षांनी माझी नांदेडला परत बदली झाली. तरी महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, मी सकाळच्या बसने लातूरला जायचो. बायको चेष्टेने म्हणायची, "निघाले माहेरी." खोटं नव्हतं ते. माझी आई त्याच सुमारास गेली होती. लातूरच्या स्टँडवर उतरून गल्लीत वळलो आणि पट्ट्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

आता तो शनिवार सांगतो. कितीही लांबवलं तरी सांगावा लागणारच आहे.

आदल्या आठवड्यात कचेरीच्या कँटीनमध्ये मला दोन रुपयांचं एक नाणं मिळालं होतं. त्यावर केसाएवढी भेग होती. साचाच तडकलेला, त्याची खूण नाण्यावर आलेली. ती मला भिंगाशिवाय दिसली होती, चहाच्या टेबलावर, नुसत्या डोळ्यांनी! आयुष्यात पहिल्यांदा. आठ दिवस मी हवेत होतो. कधी एकदा मावशींना दाखवतो असं झालं होतं.

गिरणीत शिरल्या शिरल्या मी नाणं त्यांच्या हातात ठेवलं. त्या डब्यावर बसलेल्या होत्या. एरवी कधी बसायच्या नाहीत. एक बाई आपला डबा स्वतःच उचलून चक्कीत ओतत होती. मावशींच्या बांगड्या मनगटावरून घसरून पार कोपरापर्यंत जात होत्या. भजी त्यांनी कागदात तशीच गुंडाळून बाजूला ठेवली. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशीही ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

त्यांनी पीठ लावलं, फुंकर मारली. ती फुंकरही दोनदा मारावी लागली. मग कितीतरी वेळ नाण्याकडे बघत राहिल्या.

"भिंग न लावता सापडली?"

"हो."

"आता तुमाला दिसाया लागलं, साहेब," त्या म्हणाल्या. मास्तरांनी पाठीवर थाप मारावी तसा मी फुललो.

त्याच वेळी त्यांनी गल्ल्याखालून एक कागद काढला. "ह्ये वाचा की जरा. डागदरनं रक्त तपासलंय. पोटात कसं तरी हुतंय, अन्न जात न्हाई."

मी कागद घेतला. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात ते दोन रुपयांचं नाणं. चोवीस वर्षं मी कागद वाचून पोट भरतोय. छापलेला तक्ता होता, मी भराभर वाचला. "रक्त कमी आहे, मावशी. बाकी सगळं ठीक लिहिलंय. गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, लोहाच्या गोळ्या घ्या."

"आसं लिवलंय का?"

"हो ना, असंच लिहिलंय."

"लिवलंय म्हणताव तर आसंल." त्यांनी कागदाची घडी घातली. जी बाई आयुष्यभर लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका म्हणत आली, तिने त्या दिवशी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, कारण वाचणारा मी होतो. मग मी पुन्हा त्या भेगेबद्दल बोलायला लागलो. तासभर बोललो असेन.

त्यानंतर तीन दुसरे शनिवार आले. तिन्ही वेळा मी गेलो, बसलो, नाणी बघितली. "पालक खाताय ना?" म्हणून विचारलं. त्या "हाव, हाव" म्हणाल्या. चौथ्या वेळी गल्लीत वळलो तर पट्ट्याचा आवाज नव्हता. शटर खाली होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "मावशीला उदगीरला नेलं भाचीनं. पोटाचं दुखणं निघालं. लई पुढं गेलंय म्हणत्यात."

मी त्याच पावली उदगीरची बस धरली. भाचीचं घर स्टेशनजवळ, दोन खोल्यांचं. भाची शिवणकाम करते. मावशींच्या थोरल्या बहिणीची ही एकुलती एक लेक. तिने मला दारातच नीट बघून घेतलं आणि आत जायला वाट दिली.

खाटेवर मावशी होत्या. त्यांच्या अंगावर पीठ नव्हतं. बिनपिठाच्या मावशी मी पहिल्यांदाच बघत होतो. केस काळेच होते बरेचसे. चेहरा मात्र उरला नव्हता.

आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्यावर ओरडलो. भीती वाटली की मला राग येतो, माझी जुनी खोड आहे. "इतके दिवस अंगावर काढलंत मावशी! वेळेवर दाखवायला नको? शहाण्या बाईने असं करायचं असतं का?"

आतल्या खोलीत भाचीच्या हातातून पातेलं पडलं की तिने ते आपटलं, मला कळलं नाही.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"चुकलंच माजं, साहेब," त्या म्हणाल्या.

मग माझा आवाज उतरला. खिशात ते भेगेचं नाणं होतंच, दुसरं काय असणार! ते मी काढलं. त्यांना हात उचलवत नव्हता, म्हणून मीच उजेडाकडे धरलं.

"पलटी करा," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. मी केलं.

"काय दिसतंय?"

"भेग सालापासून निघालीय आणि कडेपर्यंत गेलीय."

"न्हाई. कडंपासून निगाली आन सालापाशी थांबली. भेग कडंनंच सुरू हुती, साहेब. मदी दिसंस्तवर लई उशीर झालेला आस्तो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवून जावा. भाची लई चांगली आंबाडीची भाजी करती."

मी जेवून गेलो. भाचीने वाढलं, पण माझ्या ताटाकडे एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फोन आला. मी पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून माती देतात. भाचीने सांगितलं, डाव्या हातात लिंग दिलं आणि उजव्या मुठीत ते लखी. मावशींनीच तसं सांगून ठेवलं होतं. ऐकून मला बरं वाटलं. त्या नाण्यावर मी एकदा डोळा ठेवला होता याची लाजही वाटली.

भाचीने मला पाण्याचा तांब्या दिला. मग आत गेली आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आली. मी तो लगेच ओळखला. रक्ततपासणीचा.

"ह्ये तुमीच वाचला हुता ना?"

"हो."

"पलटी करा."

तिला काय माहीत, ती कुणाचे शब्द बोलत होती. मी कागद उलटला. वहीचं पान उलटतात तसा.

मागे डॉक्टरच्या हाताच्या अक्षरात दोन ओळी होत्या. पोटात गाठ असण्याची शंका आहे, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवावे, उशीर करू नये. मी पुन्हा पुढची बाजू बघितली. खाली उजव्या कोपऱ्यात, तक्त्याच्या बाहेर, पेनाने काढलेला एक छोटा बाण होता. मागे बघा म्हणून.

"चार महिन्यांनी मी तिला घिऊन गेले तव्हा डागदर माज्यावरच खवळले," भाची म्हणाली. "म्हणले, मी तव्हाच लिवून दिलं हुतं, घरच्यास्नी दावा म्हणलं हुतं, तव्हा आला असताव तर इलाज हुता. मावशी म्हणली, 'मी कागद कुणाला दावलाच न्हाई.' मला खरं वाटंना. भाईर आल्यावर खोदून खोदून इचारलं, तव्हा तुमचं नाव घेतलं. आन वरून काय म्हणली म्हाईत हाय? 'साहेबाला सांगशील तर माजं मेल्यालं तोंड बगशील.'" तिने कागदावर बोट आपटलं. "तुमी हितं येऊन तिलाच बोललाव. अंगावर काढलं म्हणून. मी भिंतीआड हुते. ती 'चुकलं' म्हणली तुमाला! आता बगितलं मी तिचं मेल्यालं तोंड. म्हून सांगते. तुमी शिकल्याले हाव ना ओ? निस्तं एक पान उलटायचं हुतं."

मी तिथे जमिनीवर बसलो. रडलो असं लिहायला आवडलं असतं, पण ते रडणंसुद्धा मला तेव्हा आलं नाही. मी नुसता कागद उलटत होतो. पुढची बाजू, मागची बाजू. पुढची, मागची. शेवटी भाचीनेच तो माझ्या हातातून काढून घेतला.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि कोनाड्यातून मसाल्याचा डबा खाली काढला. गिरणीतल्या फळीवरचा. आत एकच नाणं होतं. दहाचं.

"ह्ये तुमाला द्या म्हणली हुती. तुमी पयल्या दिवशी दिल्यालं म्हणं. आन निरोप हाय. मला तर काय कळला न्हाई. म्हणली, साहेबाला सांग, ह्याच्यात काय बी चूक न्हाई. सोधत बसू नका."

मी नाणं घेतलं. दहा काड्या. पलटी केलं. सालाखाली चांदणी होती.

हैदराबादचं नाणं. जी बाई ती चांदणी एक दिवससुद्धा घरात राहू देत नव्हती, तिने माझं हे एक इतकी वर्षं सांभाळलं होतं. आणि माझं कागदाचं प्रकरण कळल्यावर, उचलवत नसलेल्या हाताने ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं.

आता कचेरीत कुणी कागद पुढे केला की मी आधी उलटतो. मागची बाजू कोरी असली तरी तिच्याकडे बघत बसतो. लोक वैतागतात. एक म्हातारा परवा म्हणाला, "साहेब, तिकडं काय बी न्हाई हो." मी म्हटलं, असू दे.

ते दहाचं नाणं माझ्या वरच्या खिशात असतं. अल्बममध्ये लावलं नाही. शोधत बसू नका असा निरोप होता, तरी रोज काढतो. ज्वारीचं पीठ लावतो, फुंकर मारतो, पलटी करतो, उजेडाकडे तिरकं धरून बघतो. कड बघतो, काड्या मोजतो, सिंह उभे आहेत का बघतो. सगळं जिथल्या तिथे आहे. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मावशी. नाण्यात नाहीच चूक.